विजेची कौटुंबिक मोटार : घ्यावी केव्हा?

विजेवर चालणारी मोटार घ्यावी की घेऊ नये, हा वाद शहरांतील सुशिक्षित घरांत आता पुष्कळसा ओसरला आहे. त्याच्या जागी दुसरा, अधिक चिवट प्रश्न येऊन बसला आहे : घ्यावयाची खरी, पण केव्हा? एस.यू.व्ही. या नावाने ओळखली जाणारी, उंच बैठकीची आणि पाच माणसांचे कुटुंब सामानासह सामावून घेणारी एखादी नावाजलेली गाडी नव्या घडणीत बाजारात अवतरली, की या प्रश्नाला धार चढते. मुले म्हणतात, दसऱ्याला आणू. वडील मंडळी म्हणतात, वर्षभर दम धरा, भाव उतरेल. दोन्ही पक्ष आपापल्या परीने बरोबर असतात आणि म्हणूनच निर्णय होत नाही.

पेट्रोलच्या गाडीच्या बाबतीत हा घोळ सहसा पडत नसे. तिचे इंजिन शंभराहून अधिक वर्षे घासून-पुसून तयार झालेले आहे. नवी आवृत्ती म्हणजे बहुधा नवे दिवे, नवी जाळी आणि बैठकीचे नवे कापड. विजेच्या गाडीत मात्र सर्वांत महाग भाग बॅटरी हा असतो, आणि तो भाग अद्याप बाल्यावस्थेतून तारुण्यात पदार्पण करीत आहे. त्याची किंमत, शक्ती व आयुर्मान ही तिन्ही दर दोन-तीन वर्षांनी बदलतात. ग्राहकाची द्विधा मनःस्थिती मुख्यतः या बॅटरीतून उपजते.

याचा पडताळा घेण्यासाठी टाटांच्या नेक्सन या विजेच्या मोटारीचा इतिहास पाहणे सोयीचे आहे. पुणे जिल्ह्यातील रांजणगावच्या कारखान्यात ती बनू लागली आणि महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांत विजेची पहिली मोटार म्हणून अनेक ठिकाणी तीच आली. २८ जानेवारी २०२० रोजी ती बाजारात आली, तेव्हा तिची एक्स-शोरूम किंमत १३ लाख ९९ हजार रुपयांपासून सुरू होत होती आणि बॅटरी ३०.२ किलोवॅट-तासांची होती. किलोवॅट-तास म्हणजे घरच्या वीजबिलावरील एक युनिट, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुढील आकडे बोजड वाटणार नाहीत. मे २०२२ मध्ये ४०.५ युनिटांची बॅटरी असलेली मोठी आवृत्ती निघाली. १४ सप्टेंबर २०२३ रोजी गाडीची घडणच पालटण्यात आली : मुखवटा, आतील पडदे, मोटरचे यंत्र, सारे नवे. किंमत १४ लाख ७४ हजारांपासून १९ लाख ९४ हजारांपर्यंत.

आता या नव्या घडणीच्या पहिल्याच महिन्यात गाडी घेणाऱ्या गृहस्थाचे काय झाले ते पाहावे. पाच महिने लोटले, तोच फेब्रुवारी २०२४ मध्ये कंपनीने या गाडीची किंमत १ लाख २० हजारांपर्यंत उतरविली. बॅटरीतील घट स्वस्त झाल्यामुळे तो लाभ ग्राहकास देत आहोत, असे कारण सांगण्यात आले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात सणासुदीच्या सवलतीने प्रारंभीची किंमत १२ लाख ४९ हजारांवर आली. आणि त्याच महिन्यात ४५ युनिटांची बॅटरी बसविलेली आवृत्ती १३ लाख ९९ हजारांपासून मिळू लागली. म्हणजे जानेवारी २०२० मध्ये ज्या रकमेत ३० युनिटांची बॅटरी मिळत होती, नेमक्या त्याच रकमेत पावणेपाच वर्षांनी दीडपट बॅटरी हाती येऊ लागली. पुढे २०२५ मध्ये या ४५ युनिटांच्या गाडीच्या पहिल्या मालकास बॅटरीची पंधरा वर्षांची हमीही देण्यात आली. ४०.५ युनिटांच्या गाडीचा मालक तिच्यातून वगळला गेला.

हा अनुभव एका कंपनीपुरता किंवा एका देशापुरता नाही. जानेवारी २०२३ मध्ये टेस्लाने चीनमध्ये आपल्या गाड्यांचे भाव एकाएकी उतरविले, तेव्हा काही आठवड्यांपूर्वीच जुन्या भावाने गाडी घेतलेले लोक विक्रीकेंद्रांपुढे निदर्शने करीत उभे राहिले. त्याच कंपनीची 'मॉडेल वाय' ही कौटुंबिक गाडी २०२५ च्या आरंभी नव्या घडणीत आली. अमेरिकेत तिची पहिली खास आवृत्ती ५९,९९० डॉलरांना विकली गेली. एप्रिलमध्ये साधी आवृत्ती ४८,९९० डॉलरांना मिळू लागली आणि ऑक्टोबरात, काही सोयी वगळून, ३९,९९० डॉलरांना. पहिल्या आवृत्तीत चालकास साहाय्य करणारी महागडी संगणक-प्रणाली अंतर्भूत होती, हे खरे. परंतु ज्यास ती नको होती त्यास त्या काही महिन्यांत दुसरा पर्याय नव्हता. मुंबईतील वांद्रे-कुर्ला संकुलात हीच गाडी जुलै २०२५ मध्ये ५९ लाख ८९ हजारांपासून विक्रीस आली. बहुतेक कुटुंबांच्या दृष्टीने तिचा विचार तेथेच संपतो.

कारखानदार असे का वागतो, हे कळणे कठीण नाही. नवी घडण बाहेर पडते तेव्हा तिची वाट पाहत थांबलेले हौशी ग्राहक रांगेत असतात आणि ते भावाची घासाघीस करीत नाहीत. त्यांना प्रथम भरगच्च, महाग आवृत्त्या विकल्या जातात. ही रांग ओसरली, म्हणजे हिशेबी ग्राहकाकडे लक्ष वळते. मग सवलती येतात, स्वस्त आवृत्त्या येतात, आणि तोपर्यंत प्रतिस्पर्ध्याचीही गाडी आलेली असते. यात लबाडी पाहण्याचे कारण नाही. हापूसच्या पहिल्या पेटीचा भाव आणि वैशाखातील भाव यांत जो फरक, तोच हा.

भावाखेरीज थांबण्याचे दुसरे कारण दोषांचे आहे, आणि ते अधिक गंभीर आहे. कारखान्यातील चाचण्या कितीही कसोशीने झाल्या, तरी हजारो घरांतील वापर ही निराळीच परीक्षा असते. टोयोटासारख्या सावधपणाबद्दल ख्यात असलेल्या कंपनीने 'बीझेडफोरएक्स' ही आपली विजेची कौटुंबिक गाडी मे २०२२ मध्ये जपानात विक्रीस आणली. जूनमध्ये सुमारे २,७०० गाड्या परत बोलवाव्या लागल्या, कारण चाके धरून ठेवणारे बोल्ट सैल होऊन चाक निखळण्याचा संभव दिसून आला. उपाय सापडून विक्री पुन्हा सुरू व्हावयास ऑक्टोबर उजाडला. अमेरिकेत शेव्हरोलेची 'बोल्ट' ही विजेची गाडी २०२१ मध्ये नव्या, उंच, कौटुंबिक घडणीत आली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये तिच्यासह सर्वच बोल्ट गाड्या परत बोलावण्यात आल्या. बॅटरीच्या घटांत निर्मितीचे दोन दोष राहिले होते आणि ते एकाच घटात एकत्र आले तर आग लागण्याचा धोका होता. गाडी घरापासून दूर, उघड्यावर उभी करावी, असे मालकांना सांगण्यात आले. ज्या गाडीने आजी-आजोबांस व मुलांस न्यावयाचे, ती रात्री अंगणाबाहेर ठेवा असे ऐकावे लागणे ही काही सुखाची गोष्ट नव्हे.

अपघातातील सुरक्षिततेची परीक्षाही गाडीबरोबर लगेच येतेच असे नाही. नेक्सनची नवी घडण सप्टेंबर २०२३ ची. भारत एनकॅप या चाचणीतील तिचे पाच तारे जून २०२४ मध्ये जाहीर झाले. मधले नऊ महिने ग्राहक जुन्या पेट्रोल-गाडीच्या कीर्तीवर विसंबून होता. जो थांबला, त्यास छापील निकाल पाहावयास मिळाला.

येथवरचे वाचून कोणी म्हणेल, की मग थांबणेच श्रेयस्कर. परंतु नेक्सनच्या त्याच इतिहासाचे दुसरे एक पान उलट साक्ष देते. जानेवारी २०२० मध्ये ज्याने, 'पुढे स्वस्त होईल' म्हणून हात आखडता घेतला, त्यास तीन वर्षांनी, जानेवारी २०२३ मध्ये, भाव उतरविल्याची वार्ता ऐकू आली. उतरविलेला भाव होता १४ लाख ४९ हजार, आणि बॅटरी तीच, ३०.२ युनिटांची. तीन वर्षांच्या तपश्चर्येचे फळ म्हणून पन्नास हजार अधिक! बॅटरीचा भाव दर वर्षी उतरतोच, ही समजूतच मुळात कच्ची आहे. ब्लूमबर्गच्या ऊर्जाविषयक संस्थेने केलेल्या जागतिक पाहणीत बॅटरीचा सरासरी दर २०२२ मध्ये युनिटमागे १५१ डॉलरपर्यंत वर गेला होता. लिथियमचे भाव चढले होते. मग २०२३ मध्ये तो १३९ वर आणि २०२४ मध्ये ११५ वर उतरला. म्हणजे भावाची वाट ही घाटाच्या रस्त्यासारखी आहे : एकंदरीत उतार खरा, पण मध्ये चढही लागतात.

शिवाय थांबणे फुकट पडत नाही. येथे एक सरळ त्रैराशिक मांडून पाहावे. महिन्यास एक हजार किलोमीटर फिरणारे एक कुटुंब आहे. जुनी पेट्रोल-गाडी लिटरला पंधरा किलोमीटर देते आणि पेट्रोल लिटरमागे शंभर रुपये धरले, तर महिन्यास सुमारे सदुसष्ट लिटर, म्हणजे ६,७०० रुपये लागतात. विजेची गाडी घरच्या मीटरवरील एका युनिटात, भरतानाची गळती धरून, सहा-सव्वासहा किलोमीटर जाते असे माना. महिन्यास १६० युनिटे होतील, आणि युनिटला दहा रुपये धरले तर खर्च १,६०० रुपये. फरक पाच हजारांचा. वर्षाचे साठ हजार. थांबणारा मनुष्य ही रक्कम दर वर्षी पेट्रोलपंपावर मोजून देतो, पण ती थोडी-थोडी जात असल्याने त्याच्या डोळ्यांत भरत नाही.

हेच माप वर सांगितलेल्या दोघांस लावावे. सप्टेंबर २०२३ ऐवजी पुढील वर्षीच्या सणात गाडी घेणाऱ्याने पेट्रोलवर साठ हजार अधिक घालविले, पण किमतीत सव्वादोन लाख वाचविले. त्याचे थांबणे सार्थकी लागले. २०२० ते २०२३ थांबलेल्याने मात्र टाळेबंदीचे महिने वजा करूनही इंधनावर सव्वा लाखाहून कमी गमावले नसावे, आणि वर किंमतही अधिक मोजली. दोघेही थांबलेच, पण पहिला नव्या घडणीच्या तोंडाशी, भाव फुगलेला असताना थांबला. दुसरा निश्चित असे कोणतेही निमित्त नसताना, केवळ आशेवर थांबला. थांबण्याला मुदत हवी व कारण हवे, आणि नव्या घडणीनंतर सहा महिने ते एक वर्ष ही मुदत बहुतेक कुटुंबांस पुरेशी आहे. तेवढ्या अवधीत पहिले दोष उघड होतात, सुरक्षिततेचा निकाल लागतो, एक दिवाळी किंवा एक डिसेंबर येऊन जातो. त्यापलीकडे थांबणारा पुढील नव्या घडणीच्या उंबरठ्यावर जाऊन उभा राहतो आणि त्याचे चक्र पुन्हा आरंभापासून सुरू होते.

काटेकोर हिशेबनीस येथे व्याजाचा मुद्दा काढील, आणि तो रास्त आहे. पंधरा लाख रुपये बँकेत साडेसहा टक्क्यांनी राहिले, तर वर्षास सत्त्याण्णव हजारांहून अधिक व्याज मिळते. इंधनातील साठ हजारांच्या बचतीपेक्षा ते मोठे आहे. याच्या उलट बाजूस जुन्या गाडीची वाढती दुरुस्ती आणि तिची वर्षागणिक घसरणारी विक्रीची किंमत मांडावी लागते. गाडी पाच-सहा वर्षांची व निरोगी असेल, तर व्याजाचे पारडे जड राहते आणि वर्षभर थांबण्यात नुकसान नाही. ती दहा-बारा वर्षांची असेल, क्लच व टायर यांचा खर्च दाराशी उभा असेल, तर दुरुस्ती व्याज गिळून टाकते. ज्या घरी महिन्यास जेमतेम तीनशे किलोमीटर फिरणे होते, तेथे इंधनाची बचत दीड हजारांवर येते, आणि मग घाई कशाचीच नाही. सारांश, कंपनीच्या जाहिरातीपेक्षा आपल्याच गाडीतील किलोमीटरचा आकडा आणि दुरुस्तीच्या पावत्या यांचा सल्ला अधिक भरवशाचा. हे दोन कागद घेऊन बसणारी कुटुंबे फार थोडी, ही आश्चर्याची गोष्ट आहे. भाजीच्या हिशेबात चार आणे चुकले तर आपल्याकडे चर्चा होते.

एका बाबतीत मात्र थांबणे निश्चित महाग पडू शकते, आणि ती म्हणजे सरकारी सवलत. सवलतीस तारीख असते. महाराष्ट्राच्या २०२१ च्या धोरणात पहिल्या दहा हजार मोटारींना बॅटरीच्या प्रत्येक युनिटमागे पाच हजार रुपये, अधिकांत अधिक दीड लाख, आणि लवकर घेणाऱ्यास वर आणखी एक लाखापर्यंत देण्याची तरतूद होती. तो लाभ ठराविक मुदतीचा होता. विजेच्या वाहनासाठी घेतलेल्या कर्जाच्या व्याजावर आयकरात मिळणारी दीड लाखापर्यंतची वजावट ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरतीच राहिली. अमेरिकेत ७,५०० डॉलरांची करसवलत ३० सप्टेंबर २०२५ रोजी संपली. त्या देशात नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी कुटुंबांपैकी ज्यांनी 'पुढल्या महिन्यात पाहू' म्हटले, त्यांना त्या एका महिन्याची किंमत कळली असेल. याच्या उलट, २२ सप्टेंबर २०२५ पासून भारतात लहान पेट्रोल-गाड्यांवरील वस्तू-सेवा कर अठरा टक्क्यांवर उतरला व विजेच्या गाड्यांवरील पाच टक्के तसाच राहिला, त्यामुळे दोहोंच्या किमतींतील अंतर पूर्वीपेक्षा निराळे झाले आहे. २०२३ सालच्या लेखांतील तुलना आज उपयोगाची नाही, ती नव्याने करावी लागते. महाराष्ट्राचे २०२५ चे धोरण ३१ मार्च २०३० पर्यंत आहे. त्याअन्वये अटल सेतूवरील पथकर विजेच्या मोटारींना माफ झाला आहे. पनवेल-मुंबई रोज करणाऱ्याच्या त्रैराशिकात ही एक स्वतंत्र ओळ होते.

थांबण्याचे महिने रिकामे जाण्याचे कारण नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थेत राहणाऱ्यांची खरी अडचण गाडीची नसून तारेची आहे. आपल्या मीटरपासून वाहनतळावरील आपल्या जागेपर्यंत तार न्यावयाची, तर समितीची संमती, मंजूर विद्युत्‌भार, योग्य अर्थिंग आणि शेजाऱ्याची शंका या चारही गोष्टी पार कराव्या लागतात. साध्या पंधरा अँपिअरच्या जोडणीवर ४०.५ युनिटांची बॅटरी भरावयास जवळजवळ पंधरा तास लागतात. ७.२ किलोवॅटच्या भिंतीवरील उपकरणाने तेच काम सुमारे सहा तासांत, म्हणजे एका झोपेत होते. गाडी आधी आणून मग संमतीसाठी अर्ज करणाऱ्यांना महिनोन्‌महिने सार्वजनिक केंद्रावर वीज भरावी लागते. तेथील दर घरच्या दराच्या दुप्पट किंवा त्याहूनही अधिक असतो, आणि वर मांडलेली पाच हजारांची बचत निम्म्याच्या आसपास येऊन ठेपते. म्हणून अर्ज प्रथम आणि गाडीची नोंदणी नंतर, हा क्रम पाळावा.

बॅटरी केवढी घ्यावी, याचा निर्णयही याच अवधीत होऊ शकतो. जाहिरातीतील किलोमीटर हे प्रयोगशाळेतील असतात. ४५ युनिटांच्या नेक्सनचा प्रमाणित पल्ला ४८९ किलोमीटर सांगितला जातो, आणि प्रत्यक्ष वापरात ३५० ते ३७० पर्यंत अपेक्षा ठेवावी, असे कंपनी स्वतःच म्हणते. पुण्याहून कोल्हापूर सुमारे सव्वादोनशे किलोमीटर. एवढा प्रवास मध्ये न थांबता होतो. पुण्याहून नागपुरास जाणाऱ्याने मात्र मोठ्या बॅटरीसाठी थांबण्यापेक्षा वाटेवरील केंद्रांची यादी पाहणे बरे, कारण इतक्या लांबच्या प्रवासात जेवणासाठी थांबावेच लागते.

नवी घडण जाहीर होताच जुनीचा साठा विक्रेत्यांकडे पडून राहतो व तिच्यावर भरघोस सूट मिळते. ही संधी तुच्छ लेखण्याजोगी नाही. जुनी घडण आपले दोष दाखवून बसलेली असते, ते दुरुस्त झालेले असतात. दहा वर्षे गाडी वापरावयाची असेल, तर बाह्य रूपाची जुनाट छटा तिसऱ्या वर्षी कोणाच्या लक्षातही राहत नाही. परंतु सूट बॅटरीच्या फरकाहून मोठी आहे की नाही, हे ताडून पाहिल्याखेरीज होकार देऊ नये.

साठ्यातील गाडी घेताना एक दक्षता अवश्य घ्यावी. डिसेंबरातील सूट मोठी असते, कारण जानेवारी उजाडताच ती गाडी कागदोपत्री 'गेल्या वर्षीची' होते. विम्याच्या प्रचलित कोष्टकानुसार सहा महिने उलटल्यावर गाडीचे विमामूल्य पंधरा टक्क्यांनी आणि वर्ष उलटल्यावर वीस टक्क्यांनी घटविले जाते. चार-पाच वर्षांनी विकू पाहणाऱ्यास निर्मितीचे वर्ष आड येते. दहा वर्षे वापरणाऱ्यास त्याचे सोयरसुतक नाही. बॅटरी मात्र आवारात महिनोन्‌महिने उन्हात, पूर्ण भरलेल्या किंवा पूर्ण रिकाम्या स्थितीत पडून राहिली असेल, तर तिच्या प्रकृतीवर त्याचा परिणाम होतो. गाडीच्या सांगाड्यावरील क्रमांकात बहुतेक कंपन्या निर्मितीचे वर्ष व महिना सांकेतिक अक्षरांनी नोंदवितात. ती अक्षरे विक्रेत्याकडून उलगडून घ्यावी, महिना लेखी मागावा, आणि पैसे भरणे त्यानंतरच करावे.